डंपरांनी वाढवलेला डोंगर

त्या डोंगराची गोष्ट सांगायला लायक माणूस मीच, कारण मी तिथे गेलो नाही. जे गेले त्यांच्या तोंडाला तिथल्या थंडीने जे कुलूप लागलं, ते खाली येऊनही उघडलं नाही. विचारलं, "कसं काय होतं बाप्पा?" तर म्हणायचे, "चांगलं होतं." आता सांगा, माणूस ढगांना खाली टाकून वर जातो, दिवसच्या दिवस बर्फ तुडवतो, आणि परत येऊन म्हणतो चांगलं होतं! अरे, ती काय लग्नातली वांग्याची भाजी होती?

तेव्हा सांगण्याचं काम मी अंगावर घेतलं आणि आजवर इमानाने करत आलो. तिथला वारा असा होता की बोललेला शब्द ऐकू यायचा दुसऱ्या दिवशी, हे मीच लोकांना सांगितलं आहे. आज मात्र डोंगर बाजूला ठेवतो आणि तयारीचं सांगतो. ती मी पाहिली आहे, केली आहे आणि अंगावर काढली आहे. तिच्यात मीठ-मसाला घालायची गरज नाही. घातलाच तर चिमूटभर.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा रशियनांच्या मदतीने उभा राहत होता. पहिल्या भट्ट्या पेटल्या होत्या, बाकी सगळं अजून सांगाड्यात होतं. जिकडे बघावं तिकडे लोखंडाच्या उभ्या-आडव्या तुळया, आणि खाली खड्डे. खड्डे तरी केवढे! आमच्याकडच्या एका खड्ड्यात सकाळी उतरलेली म्हैस संध्याकाळी वर आली ती रेडकू घेऊन. आणि एवढी खोदलेली माती जायची कुठे? ती सांगायला मी होतो. मी मातीच्या डंपरांचा मुकादम. कुठल्या डंपरने कुठे रिकामं व्हायचं, हे माझ्या उजव्या हातावर चालायचं. हात इकडे केला की डंपर खुर्सीपारकडे, तिकडे केला की रिसालीकडे. कान खाजवायला हात उचलला तरी दोन ड्रायव्हर गोंधळून जायचे, एवढा दरारा.

बायको, मी आणि बायकोचा धाकटा भाऊ, असे आम्ही तिघे एका क्वार्टरमध्ये राहत होतो. हा माझा मेहुणा रिगर होता. क्रेनने वर उचललेली तुळई वरच धरून, जागेवर बसवून, तिचे बोल्ट कसणारा माणूस म्हणजे रिगर. वितीएवढ्या रुंद लोखंडावरून तो असा चालायचा, जसे आपण अंगणातून न्हाणीकडे जातो. दुपारची भाकर वर बसून खायचा. म्हणायचा, खाली माशा फार.

मग एक दिवस त्याचा पाय घसरला. पडला नाही. एका हाताने तुळईला लटकला आणि जोडीदाराने ओढून घेतला. खरचटलंसुद्धा नाही. पण लटकला असताना कमरेचा मोठा पाना सुटून खाली गेला होता. तो गेला, गेला, आणि खाली पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तेवढ्या वेळात माझ्या मेहुण्याच्या आत काहीतरी बसलं. त्या दिवसानंतर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय चिकटायला लागले. डोकं म्हणायचं चढ, पाय म्हणायचे तू जा, आम्ही आहोत इथेच.

फोरमन भला माणूस. त्याने त्याला दोरखंडांच्या कोठीत बसवलं आणि सांगितलं, "बरसात संपली की नवा सांगाडा चढवायचा आहे. तेव्हा वर दिसलास तर रिगर. नाही दिसलास तर मी तरी काय करू?"

वस्तीत हे फक्त मला माहीत होतं. बायकोला आणि बाकी वस्तीला मी निराळंच सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, रशियन साहेबाने त्याला हात जोडून खाली बोलावलं. दोरखंडाची अशी पारख अख्ख्या कारखान्यात कोणाला नाही, नुसता वास घेऊन सांगतो कुठला दोर कधी तुटेल. पुढच्या आठवड्यात लोक खरोखरच घरचे विहिरीचे दोर घेऊन त्याच्याकडे हुंगवून घ्यायला येऊ लागले. तो बिचारा हुंगायचा आणि "चालते अजून" म्हणायचा.

एकदा आम्ही दोघेच बाजेवर बसलो असताना तो म्हणाला, "भाऊजी, बरसातीनंतर मी गावाले जातो."

"जाऊन काय करशीन?"

"काई बी. तेथं उंच म्हंजे एक चिंच. ते बी चढा असं कोणी म्हणत नाई."

हसला तो, पण हसताना हाताकडे बघत होता. ज्या हाताने लटकला होता त्या हाताकडे. गावाला गेलेला रिगर म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासाही नव्हे, मासा निदान तडफडतो तरी.

याच दिवसांत आमच्या टाउनशिपच्या क्लबाला हिमालयाची हुक्की आली. कारखान्यातल्या धडधाकट लोकांची एक तुकडी वर न्यायची, सोबत तिकडचाच वाटाड्या, चालत जायचं, चालत यायचं. वाटाड्याने कळवलं की मैदानातली माणसं बघितल्याशिवाय मी वर नेत नाही. मी येतो, मी निवडतो, मी तयार करतो. आणि आला. आला तो मे महिन्यात.

मे महिन्यातली भिलाई! त्या दिवसांत आमच्याकडे कोंबड्या उकडलेली अंडी घालतात. वाटाड्या स्टेशनवर उतरला तो लोकरी टोपी घालून. गोरापान, ठेंगणा, पायांच्या पिंढऱ्या म्हणजे मुसळं. क्लबपर्यंत चालत जाऊ म्हणाला. अर्ध्या वाटेत त्याला लू, म्हणजे आमच्याकडची उन्हाची झळ, लागली आणि तो आमच्या क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाखाली आडवा झाला. ज्याने बर्फाची वादळं अंगावर घेतली, त्याला भिलाईच्या एका दुपारने झोपवलं. मला तर आमच्या गावाचा अभिमानच वाटला.

बायकोने त्याला आत घेतलं. कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला, पडदा ओला करून खिडकीला लावला. संध्याकाळी उठून बसला तेव्हा तिने त्याच्या खिशात एक कांदा कोंबला.

"यह क्या है, बहनजी?"

"कांदा. खिसे में रखने का. कांदा रहा तो लू लगती नहीं. निकालने का नहीं."

त्याने मान डोलावली. तेव्हापासून तो माणूस कांद्याशिवाय हलला नाही. अंघोळीला जाताना गमछ्याला बांधून न्यायचा, असं मी सांगत असे, आणि कोणी खोटं म्हटलं नाही.

बरं झाल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "पहाड़ कहाँ है?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भिलाई म्हणजे तवा. सायकलवरून पाय काढले तर ती ना पुढे जाते ना मागे. अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणी होत्या, पण खाण म्हणजे खाली जाणारा डोंगर. मग मी छाती पुढे काढून म्हणालो, "पहाड़ मेरे पास है." आणि त्याला खुर्सीपारच्या अंगाला, डंपरांनी आजवर रिकाम्या केलेल्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी नेलं.

तेव्हा तो घराएवढा होता. वाटाड्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यह पहाड़ है?"

"बच्चा है," मी म्हणालो. "बढ़ेगा."

मग त्याने विचारलं की तुमच्यात उंचावर राहिलेला कोणी आहे का. आता असा प्रश्न माझ्यासारख्याला विचारावा? मी म्हणालो, "मेरा साला. चिमनी पर सोता है. नीचे उसको नींद नहीं आती." वाटाड्याचे डोळे चमकले. म्हणाला, उसको लाओ.

घरी आल्यावर मेहुण्याने मला कोपऱ्यात घेतलं.

"भाऊजी, तुमाले कावून असं बोला वाटते? मले तिसऱ्या पायरीवर घाम फुटून राहिला, अन् तुमी मले हिमालयात पाठवून राहिले!"

"अरे बाबू, ऐकून तं घे. शिडीले खाली काय असते?"

"हवा."

"अन् डोंगराले?"

तो जायला निघाला. मी त्याचा दंड धरला.

"डोंगराले पोट असते," मी म्हणालो. "तुझा पाय जमिनीवरूनच जाते. जमीनच वर जाते, तुले काय करायचं आहे? तू आपला चालत राह्य."

हे त्याला पटलं, की माझी बडबड थांबवायला त्याने मान हलवली, सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभा होता. आणि तो मातीचा ढीग चढला, सहज. घराएवढाच तर होता. पाठीवर भट्टीच्या विटांनी भरलेली गोणी घेऊन चढला. वाटाड्या म्हणाला, ठीक है.

त्या सकाळी, त्याला वरून उतरताना बघत असताना, माझ्या उजव्या हाताला सुचलं. तोवर मी माती चार ठिकाणी वाटून टाकत असे. त्या दिवसापासून माझा हात एकाच दिशेने उठायला लागला. सगळे डंपर एकाच ढिगाऱ्याकडे. मागच्या अंगाने लांब चढण काढून दिली, तिथून डंपर वर जायचे आणि माती ओतून यायचे. ढीग रोज थोडा वाढायचा. एवढा थोडा की रोज चढणाऱ्याला कळू नये. काल जिथे टोक होतं तिथे आज खांदा, आज जिथे टोक तिथे उद्या खांदा. पोर घरात वाढतं तेव्हा आईबापाला कुठे कळतं? पाहुणा आला की म्हणतो, अरे, केवढा झाला!

एक तरुण इंजिनिअर मात्र पाहुण्यासारखा आला आणि म्हणाला, "मुकादम, ढीग पसरण्याऐवजी उंच का चाललाय?"

मी म्हणालो, "साहेब, पसरू दिला तर तो पुढच्या वर्षी तुमच्याच बंगल्याच्या बागेत येते. वर पाठवला की निदान शेजाऱ्याची तक्रार नाई."

तो विचार करत निघून गेला. अजून करत असेल.

तर अशी आमची तयारी चालली. मी धरून आम्ही पाच-सहा जण, पाठीवर विटा, पुढे वाटाड्या, खिशात कांदा. दिवस चालले तसा ढीग असा झाला की कावळे मध्ये थांबून दम घ्यायचे. माझा मेहुणा वर पोचायचा सगळ्यांत आधी. त्याच्या चेहऱ्यावर जुनी चमक दिसायला लागली होती, आणि मी मनात म्हणत होतो, बाबू, ज्या शिडीला तू भितोस तिची उंची तू परवाच मागे टाकलीस. पण बोललो नाही. बोललो असतो तर त्याच्या पायांनी ऐकलं असतं.

माझ्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते वाटाड्याला दिसलं. मेहुणा चढायचा सरळ, पण उतरायचा उलटा. ढिगाकडे तोंड, खालच्याकडे पाठ, हातांनी माती धरत, शिडीवरून उतरावं तसा. आम्हाला वाटायचं, ही त्याची रिगरी पद्धत. मी तर लोकांना सांगितलंही होतं की रशियात असंच उतरतात.

एक दिवस वाटाड्याने त्याला खाली थांबवलं. "चढ़ना तो बकरी भी जानती है. उतरो मेरे सामने. मुँह इधर."

मेहुणा वर गेला, वळला, खाली बघितलं. आणि तिथेच थांबला. किती वेळ थांबला! मी खालून ओरडलो, "अरे, त्याच्या डोळ्यात धूळ गेली!" मग ओरडलो, "बुटात खडा आहे त्याच्या!" वाटाड्या माझ्याकडे वळला आणि हळू म्हणाला, "भाईसाहब, आप ज़रा चुप रहो." मेहुणा शेवटी उलटाच उतरला. खाली आला तेव्हा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता.

वाटाड्या वाईट माणूस नव्हता. त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हिमालयात वर एका जागी दोन्ही बाजूंना उतार आहे, तिथे पाठ करून चालता येत नाही. तिथे हा थांबला तर याच्या मागचे सगळे थांबतील, आणि थांबणं म्हणजे गारठणं. निघायच्या आधी सरळ उतरून दाखवलं तर चल, नाही तर तुझ्या भल्यासाठीच नाही नेणार.

घरी येताना मेहुणा म्हणाला, "पाहा भाऊजी, डोंगराले बी हवा असतेच."

मी त्याच्या पाठीवरची गोणी काढून माझ्या खांद्यावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच.  

आता माझ्या कोटाचं सांगतो. भट्टीवर काम करणाऱ्यांना तेव्हा रशियन पद्धतीचे जाड नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट आणि पोत्यासारखा लोकरी कोट मिळायचा, धग अंगाला लागू नये म्हणून. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली. जो कोट वितळलेल्या लोखंडाला आत येऊ देत नाही, तो थंडीला काय दारात उभं करणार? आपल्याकडे हिमालयाचे कपडे आधीच आहेत! भट्टीवरच्या मित्रांकडून आम्ही बूट-कोट मागून आणले. वाटाड्याने बूट हातात घेऊन दाबले, हुंगले आणि म्हणाला, "आग के लिए अच्छा है. बर्फ में भीगेगा तो पैर खा जाएगा." बाकीच्यांनी मुकाट्याने परत केले. मी ऐकणार होतो का? म्हणालो, आदत नसेल तर कुठलाही बूट पाय खातो. मी घालून दाखवतो. उद्याच, भर उन्हात.

बायकोने मला कोटात पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अवो, अस्वल दिसून राहिले तुमी! आमची आई महादेवाच्या यात्रेले गेली होती, चौरागढचा डोंगर चढली अनवाणी, खांद्यावर त्रिशूल. तिले कोणी नमद्याचे बूट देल्ले नव्हते."

"तुझ्या आईले बर्फ लागला होता का?"

"तुमाले कोठी लागला अजून? कांदा तरी ठेवा खिशात."

"या कोटाले खिसा नाई," मी म्हणालो, आणि निघालो. खिसा होता. पण अस्वल म्हटल्यावर माणूस कांदा कसा घेईल?

दुपार कलली होती, तरी माती तापून भाकरीसारखी फुगली होती. मी चढलो. मेहुणा माझ्या मागोमाग चढला, म्हणाला, "एकटे नका जाऊ." बाकीचे आणि वाटाड्या खाली माठापाशी सावलीत. अर्ध्यावर माझ्या कोटाच्या आत एक भट्टी पेटली. धग बाहेरून आत येऊ नये म्हणून केलेला कोट आतली धग बाहेर जाऊ देत नाही, हे ज्ञान मला तिथे झालं. तरी वर पोचलो. वर पोचून दोन्ही हात उंचावले, खालच्यांना काहीतरी जोरदार सांगणार होतो, आणि सगळं पिवळं झालं, मग हिरवं, मग काहीच नाही.

पुढचं थोडं मेहुण्याने आणि खालच्यांनी नंतर सांगितलेलं. डंपरांच्या चढणीवर त्या वेळी एकही गाडी नव्हती, आणि त्या वाटेने पाण्यापर्यंत यायचं म्हणजे अर्ध्या भिलाईला वळसा. समोरचा उतार सरळ माठापाशी जात होता. मला अंग नाही असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी चांगला भरलेला होतो, त्यात कोट. पाठीवर एवढा माणूस घेऊन उलटं उतरता येत नाही. हात मोकळे नसतात, आणि वजन मागे ओढतं. मेहुण्याने माझे हात आपल्या गळ्यापुढे घेतले, कोटाच्या बाह्यांची गाठ मारली, रिगर मारतो तशी, आणि खालच्याकडे तोंड करून पहिला पाय टाकला.

मला जाग आली ती अर्ध्या उतारावर. हलणारी जमीन दिसली आणि कानाजवळ आवाज ऐकू आला. तो स्वतःच्या पायांशी बोलत होता.

"हा एक पाय आहे. हा दुसरा आहे. पाहून राहिलो मी. खालीच पाहून राहिलो. भाऊजी, मरू नका बरं. बाईले मी काय सांगू? का अस्वल गेलं म्हणू? लय जड झाले तुमी भाऊजी. हा पाय. आता हा."

मी तोंड उघडणारच होतो. सांगणार होतो, अरे, मी ठीक आहे, उतरव मला. मग वाटलं, उतरवलं तर हा वळेल. माझ्याकडे तोंड करायला वळेल, आणि मग उलटाच उतरेल. म्हणून मी डोळे मिटून घेतले. नुसते मिटले नाहीत, अंग आणखी ढिलं सोडलं, जड झालो. हे मला जमतं हे मला माहीत नव्हतं. माझी बायको अजून विचारते, खरंच चक्कर आली होती का तुमाले? पहिली अर्धी खरी होती, एवढं मी कबूल करतो.

तेवढ्यात माझ्या डाव्या पायातला नमद्याचा बूट निसटला. उतारावर पडला, उसळला, पुन्हा पडला, आणि गेला खाली. मेहुणा थांबला. त्याच्या पाठीचे स्नायू माझ्या पोटाखाली दगडासारखे झाले. मी डोळा किंचित उघडला. तो त्या बुटाकडे बघत होता. पार खालपर्यंत बघत होता, आणि मला कळलं की तो ऐकतो आहे. आवाजाची वाट बघतो आहे. मीही बघत होतो. माझ्या छातीत त्याचं काळीज ठोकत होतं की माझंच, सांगता येत नाही.

बूट भुसभुशीत मातीत जाऊन बसला. आवाजच झाला नाही.

मेहुण्याने श्वास सोडला, इतका लांब की मी त्याच्या पाठीवर दोन बोटं खाली आलो. मग म्हणाला, "हात् तुमच्या मायले!" कोणाला म्हणाला, बुटाला की पान्याला, की मला, मी विचारलेलं नाही. आणि पाय टाकायला लागला. आता पायांशी बोलत नव्हता. चालत होता, जसा तुळईवरून चालायचा.

खाली त्यांनी मला माठाच्या पाण्याने भिजवलं. मी वेळ बघून डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "मी कोठी आहे?" वाटाड्या माझ्यावर वाकला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मेहुण्याच्या पावलांच्या खुणांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला बर्फाखालचं पाणी दिसायचं, मी तर नुसता कोटात होतो. पण तो मेहुण्याला एवढंच म्हणाला, "सामान बाँध लेना."

मला मात्र डॉक्टरने तपासून सांगितलं की ज्याला मातीच्या ढिगाऱ्यावर लू लागते त्याने हिमालय चित्रात बघावा. मी दोन दिवस भांडलो. मग म्हटलं, जाऊ द्या, कोणीतरी खाली राहिलं पाहिजे, डंपर कोण सांभाळेल?

ते निघाले तेव्हा आम्ही स्टेशनवर गेलो. बायकोने वाटाड्याला नवा कांदा दिला, चांगला लाल, मूठभर. मेहुण्यालाही एक दिला. तो म्हणाला, "बाई, तेथं बर्फ आहे."

"असू दे ना बर्फ. याचं काई ओझं होते काय?"

गाडी सुटताना त्याने मला जवळ बोलावलं. "भाऊजी, एक विचारू? तो ढीग तुमी रोज वाढवत होते काय?"

"मी? माती ज्याची त्याची असते बाबू. पडते जेथं पडायचं तेथं."

तो हसला, हाताकडे न बघता.

परत आले ते सगळे काळेठिक्कर, नाकांची सालं गेलेली, आणि तोंडाला ते कुलूप. वर काय पाहिलं म्हणून मी मेहुण्याला किती छळला! चार दिवसांनी जेवताना त्याने एकच गोष्ट सांगितली. टोकावर पोचल्यावर वाटाड्याने सगळ्यांना बसवलं, लोकरीच्या सात थरांतून हात आत घातला आणि बायकोने दिलेला कांदा काढला. गारठून गोट्यासारखा झालेला. सुरीच्या मुठीने फोडला, सगळ्यांना एकेक पाकळी दिली. म्हणाला, देखो, लू नहीं लगी.

"अन् ती दोन्हीकडून उताराची जागा?" मी विचारलं.

"होती," तो म्हणाला, आणि भात मागून घेतला.

बरसात संपली. नवा सांगाडा चढायला लागला त्या सकाळी मी सगळे डंपर एका बाजूला उभे केले आणि कामाच्या निमित्ताने तिथे गेलो. फोरमन होता, दोर हुंगवून घ्यायला येणारी निम्मी वस्ती होती. मेहुण्याने कमरेला पाना लावला. शिडी धरली. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर थांबला.

माझ्या तोंडात दहा सबबी तयार होत्या. शिडी ओली आहे, त्याला शिंक येते आहे, आज अमावास्या आहे. मी एकही बोललो नाही. त्याने एक हात सोडला, शर्टाच्या खिशावर ठेवला, दाबून बघितलं. खिसा गोल फुगलेला होता. मग चढला. सरळ, एकदाही न थांबता, आम्हाला मान मागे टाकावी लागेपर्यंत. वर तुळईवर उभा राहिला, खाली बघितलं, चांगलं निवांत बघितलं.

"कसं काय आहे रे तेथं?" मी ओरडलो.

 मग वरून आवाज आला, "चांगलं आहे, भाऊजी!"

आणि त्याला तिथून काय काय दिसत होतं, ते खाली जमलेल्यांना मग मीच सांगितलं.